एका लुगड्याचा काठ

गेल्या पावसाळ्यात आमच्या बदलापूरच्या घरात एक बिनकाठाची गोधडी तीन महिने मुक्कामाला होती. मधला भाग शिवून तयार होता. लांबी नव्वद इंच, रुंदी साठ. त्यात सासूबाईंच्या जुन्या साड्या होत्या, माझ्या नोकरीच्या काळातल्या तीन कॉटनच्या साड्या होत्या, लेकीचा शाळेचा निळा-पांढरा युनिफॉर्म होता आणि ह्यांचा एक सदरा होता. त्या सदऱ्याबद्दल ह्यांना अजून सांगितलेलं नाही. धावदोऱ्याचे टाके घालून बोटांची चाळण झाली आणि मी जाहीर केलं, “झाली गोधडी. आता फक्त काठ राहिला.”

‘फक्त’ हा शब्द मी पुन्हा कधी वापरणार नाही.

गोधडी मध्यातून सहसा फाटत नाही, ती कडेनं फाटते. थंडीत अंगावर ओढून घेताना हात पडतो तो कडेवर. झोपेत पायाचा अंगठा अडकतो तो कडेत. धुताना पिळा बसतो कडेला, वाळत घालताना चिमटेही कडेलाच. म्हणून तिला काठ लावायचा. शिंपी त्याला गोट म्हणतात, जुन्या बायका मगजी म्हणतात. नाव काहीही घ्या, काम एकच, आतल्या मऊ जुनेराला धरून ठेवायचं. एवढं साधं काम असेल तर रंगाचा आणि रुंदीचा एवढा घोळ कशाला, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते.

आमच्या आई, म्हणजे सासूबाई, मूळच्या साताऱ्याकडच्या. गोधडीला त्या वाकळ म्हणतात. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, “आई, काठाला किती कापड लागेल हो?” मेथी निवडता निवडता, मान वर न करता त्या म्हणाल्या, “एका लुगड्याचा काठ लागतो.”

मला ती म्हण वाटली. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसं काहीतरी. जुन्या माणसांना हिशेब विचारला की म्हणी मिळतात, अशी मनातल्या मनात टिप्पणी करून मी शिवणाच्या डब्यातून टेप काढली.

टेपचा हिशेब असा निघाला. बाजारात कॉटनचा पन्हा साधारण चव्वेचाळीस इंच. काठ गोधडीच्या दोन्ही अंगांना दिसायला हवा, म्हणजे पट्टी दुप्पट रुंद कापायची आणि शिवणीला इंचभर जास्त धरायचा. दोन इंची काठाला एक मीटर पुरतं. चार इंचीला दोन मीटर. सहा इंची लावायचा झाला तर पावणेतीन मीटर. कागदावर हे फार सुटसुटीत दिसतं. मग मी वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून गोधडीच्या चारी बाजूंना मांडून पाहिल्या. दोन इंची काठ म्हणजे पस्तीस मार्कांना काठावर पास झालेला मुलगा. आहे, पण कौतुक करण्यासारखं काही नाही. सहा इंची काठ मांडला आणि नाकापेक्षा मोती जड म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहिलं. मधले सगळे चौकोन बिचारे सतरंजीवर बसवलेल्या पाहुण्यांसारखे आक्रसून गेले. आईंनी आपला पंजा अंगठ्यासकट गोधडीच्या कडेला आडवा ठेवला आणि म्हणाल्या, “एवढा.” मी टेप लावली. बरोबर चार इंच. आतले चौकोनही चार इंचांचेच होते. डोळ्याला ओळखीचं माप पुन्हा भेटलं की तो तक्रार करत नाही, हे मला तेव्हा कळलं.

रुंदी मिटली. रंगाचं महाभारत पुढेच होतं.

मी मधल्या भागाचा फोटो काढून लेकीला अमेरिकेत पाठवला. तिथं पेनसिल्व्हेनियात आमिश नावाचे लोक राहतात. त्यांच्या जुन्या रजयांना एका रंगाचे, चांगले ऐसपैस काठ असतात आणि त्या कोऱ्या काठावर बारीक टाक्यांची सगळी कारागिरी असते. लेकीनं त्यांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, “आई, मस्टर्ड किंवा टील. नाहीतर रस्ट.” मी ते आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “ह्ये रंग हाईत का औषधं?”

आईंचे रंग निराळे. आमसुली, डाळिंबी, अंजिरी, वांगी, विटकरी, मोरपंखी, शेवाळी, अबोली, चिंतामणी. आमच्या भाषेतले निम्मे रंग स्वयंपाकघरातून आलेत आणि उरलेले परसातून. गंमत म्हणजे भांडण रंगाचं नव्हतंच. लेकीचा मस्टर्ड आणि आईंचा हळदीचा पिवळा शेजारी ठेवले तर सख्खी भावंडं वाटतील. टील म्हणजे चिंतामणीच, जरा परदेशी जाऊन आलेला. पण दोघींनी एकमेकींचं ऐकायचं नाही असं ठरवल्यावर मी दुभाषी होऊन किती पुरणार?

मग मी दुसरी चूक केली. नोकरीत असताना सकाळच्या लोकलच्या महिला डब्यात आमचा एक ग्रुप होता. माझी नोकरी सुटली, पण ग्रुप कसला सुटतोय? तिथं फोटो टाकला. तासाभरात स्टेशनवार निकाल हाती आले. अंबरनाथला चढणारी म्हणाली हिरवा. उल्हासनगरची म्हणाली जरीची लेस लाव. विठ्ठलवाडीची म्हणाली काळा, मळ दिसत नाही. कल्याणची म्हणाली, “आमच्या पुतण्याकडे जीन्सचं कटपीस आहे, फुकट देतो.” त्या जीन्सच्या काठावर ग्रुप दोन दिवस चालला. जीन्सचा काठ मऊ गोधडीला लावला तर ती पांघरायची नाही, दारात टाकायची वस्तू होईल, हे सांगून मी थकले. पूर्वी इथं घोडे बदलत म्हणून गावाचं नाव बदलापूर पडलं अशी एक आख्यायिका आहे. आमच्या घरात तेव्हा दर दोन तासांनी काठ बदलत होते.

शेवटी अंबरनाथच्या मैत्रिणीकडे गेले. ती शाळेत चित्रकला शिकवायची. चहा पाजून ती मला वालधुनीच्या काठावरच्या शिवमंदिरात घेऊन गेली. हे मंदिर शिलाहारांच्या काळातलं, तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे साल आहे. इतकी वर्षं शेजारी राहून मी तिथं गेले ती महाशिवरात्रीच्या गर्दीत, पुढच्या बाईच्या अंबाड्याखेरीज काही न पाहता. त्या दिवशी तिनं मला बाहेर उभं करून शिखर दाखवलं. वरचा भाग आज पडलेला आहे, पण राहिलेल्यावरून रचना कळते. शिखराच्या मध्यातून एक उभी, कोरीव पट्टी वर चढत जाते, तिला लता म्हणतात. अशा लता चारी बाजूंना. आणि दोन लतांच्या मधल्या भागात लहान लहान शिखरं, ओळीवर ओळ, चौकोनाला चौकोन लावावा तशी. या पद्धतीला भूमिज म्हणतात.

“तुझी गोधडीच की,” ती म्हणाली. “आता बघ. आत कितीही गजबज असली तरी या पट्ट्यांनी ती धरून ठेवलीय. आणि पट्टीचा दगड वेगळा आणलाय का? तोच आहे. काठाचा रंग बाहेरून आणू नकोस. आत जो रंग थोडासाच आहे, तो शोध आणि काठाला लाव. मग तो आतून बाहेर आल्यासारखा दिसेल.”

घरी येऊन मी गोधडी पालथी घातली. थोडासाच असलेला रंग सापडला. आईंच्या एका साडीचा आमसुली, अख्ख्या गोधडीत पाच तुकडे. लगेच दुसऱ्या दिवशी उल्हासनगर गाठलं.

कापड म्हटलं की आमच्या पट्ट्यात माणूस दोन नंबरला जातो. गजानन मार्केट, जपानी मार्केट. ‘नंबर’ हे कॅम्पाचे. दुसऱ्या महायुद्धात इथं लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ लाखभर माणसांना त्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं, उल्हास नदीवरून. सगळं मागं टाकून आलेल्या माणसांनी मग इथं इतकी दुकानं उभी केली की आपण पट्टीभर कापड आणायला जातो आणि दोन पडदे, चार उशांचे अभ्रे आणि एक न लागणारा टेबलक्लॉथ घेऊन परततो.

मी गोधडीचा एक कोपरा पिशवीतून बाहेर काढून दुकानात रंग जुळवत होते, तेव्हा गल्ल्यामागे बसलेल्या आजींनी हात पुढे केला. “दिखाव तो ताई.” ऐंशी तरी उलटलेली असतील. त्यांनी कोपरा उलटा केला, टाके नखानं टोकरून पाहिले आणि तोंडभर हसल्या. “ये तो हमारी रल्ली है.”

सिंधमधल्या बायका जुन्या कपड्यांची जी गोधडी शिवतात, ती रल्ली. मिसळणं, जोडणं अशा अर्थाच्या शब्दावरून तिचं नाव आल्याचं सांगतात. आजींच्या आईनं लग्नात दिलेल्या रल्लीला एकात एक असे तीन काठ होते. पांढरा, काळा, लाल. “अंदर कुछ भी चलता है ताई,” त्या म्हणाल्या, “पण किनारी पक्की पायजे. रल्ली किनारी से जाती है.” ऐंशी उलटलेली बाई, दुसऱ्या मुलखातून आलेली, आणि गोधडी कडेनं फाटते, हेच तिनं अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत माझ्यापुढे ठेवलं. रंग मात्र त्यांना पसंत नव्हता. “फीका है,” म्हणाल्या. मी तरी दोन मीटर आमसुली कापड घेतलं. मैत्रिणीचा भूमिज सिद्धांत ताजा होता ना.

नवं कापड जुन्याला लावायचं तर आधी भिजवावं लागतं. नाहीतर पहिल्या धुण्यात नवं आटतं, जुनं जागच्या जागी राहतं आणि सगळीकडे चुण्या पडतात. मी मीठ घातलेल्या पाण्यात कापड बुडवलं आणि अर्ध्या तासानं पाहिलं तर बादलीत सोलकढी. तीन पाणी बदलली, तिन्ही वेळा सोलकढी. आत लेकीच्या युनिफॉर्मचे पांढरे चौकोन होते. हे कापड त्यांच्या शेजारी बसवायची माझी छाती होईना.

मी बादलीपाशी तशीच बसून राहिलेली आईंनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत. ह्यांना हाक मारून त्यांनी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढायला लावली.

ही पेटी माळ्यावर गेली २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी उल्हास नदीनं काठ सोडला आणि आमच्या जुन्या तळमजल्यावरच्या घरात कमरेइतकं पाणी आलं. धान्य गेलं, गाद्या गेल्या, लग्नाचा अल्बम गेला. पेटी आईंनी डायनिंग टेबलावर चढवून ठेवली होती, ती राहिली. नदीला काठ असतो तो शोभेला नसतो, हे त्या रात्री आम्हाला नीटच समजलं होतं. गोधडीच्या बाबतीत मी विसरले, इतकंच.

पेटीतून आईंनी एक काळं सुती लुगडं काढलं. मधलं अंग विरून जाळी झालेलं, उजेडाकडे धरलं तर पलीकडचा पंखा दिसेल. काठ मात्र तसेच्या तसे. काठाचं विणकाम घट्ट असतं, म्हणून लुगडं जातं आणि काठ उरतो. गंगाजमनी काठ होते, एका अंगाचा तांबडा, दुसऱ्या अंगाचा हिरवा. किती वर्षांच्या धुण्यांत जो रंग जायचा तो जाऊन झाला होता आणि आटायचं तेही आटून झालं होतं. मी काठावर पंजा आडवा ठेवला. अंगठ्यासकट.

मग मला राहवेना. कागद घेतला. नव्वदच्या दोन बाजू, एकशे ऐंशी. साठच्या दोन बाजू, पण त्यांना दोन्ही टोकांच्या काठांची रुंदी मिळवायची, म्हणजे अडुसष्ट दुणे एकशे छत्तीस. एकूण तीनशे सोळा इंच. लुगडं नऊ वारी. छत्तीस नवे तीनशे चोवीस.

पहिल्याच दिवशी मेथी निवडता निवडता त्यांनी मला माप सांगितलं होतं आणि मी ते म्हण समजून सोडून दिलं होतं. दोन काठ होते तेही उगीच नव्हते. एक गोधडीच्या वरच्या अंगाला, एक खालच्या.

आता आमची गोधडी एका बाजूनं तांबड्या काठाची आहे आणि उलटी पांघरली की हिरव्या काठाची. लेकीला फोटो पाठवला तेव्हा तिनं लिहिलं, “वॉव, रस्ट!” आईंना ते मी वाचून दाखवलं नाही. दोन मीटर आमसुली कापडाचे अभ्रे झाले, ते अजून रंग सोडतायत. प्रत्येक काठ आठ इंच जास्तीचा होता. जोडांच्या शिवणींत चार गेले, चार उरले. त्या चौकोनांचं आईंनी आपल्या पान-सुपारीच्या बटव्याला ठिगळ लावलं.