नकाशाला गाय दिसत नाही

झाशी घ्यायला सर ह्यू रोजला दोन आठवडे लागले. २१ मार्च १८५८ ला तो शहरासमोर येऊन ठाकला, तोफा लावल्या, तटाला खिंडार पाडले आणि ३ एप्रिलला आत घुसला. पुढेही गल्लीगल्लीत झुंज चाललीच. आज पुण्याहून आलेली सात आसनांची गाडी त्याच शहरात शिरायला निघते आणि फोन बिनधास्त सांगतो: राणी महाल, नऊ मिनिटे.

अशा गाडीत माणसे पाच असली तरी नकाशे तीन असतात. मामा पुढच्या सीटवर, म्हणून त्यांचा फोन अधिकृत. भाच्याचा फोन सर्वांत नवा, म्हणून त्याच्या मते तोच खरा. वहिनींचा चार्जरला लावलेला, त्यामुळे शेवटपर्यंत जिवंत राहणार तोच. तीन फोनांतून तीन बायका बोलत असतात. एक म्हणते डावीकडे वळा, दुसरी म्हणते सरळ चला, आणि तिसरी यू-टर्न घ्यायला सांगते, तेही अशा शांत सुरात, की ‘चुकलात’ हे आपल्याला घरातल्या कुणी आजवर इतक्या गोडीने सांगितलेले नाही.

यातले चांगले कोणते, हा प्रश्न कुणाही मराठी घरात विचारून पाहा. जेवण गार होते. गुगल मॅप्स २००५ पासून बाजारात आहे, तेव्हा त्याला दुकाने तोंडपाठ. कचोरीवाला कधी उघडतो, त्याला तारे किती, आणि चटणी तिखट लागली म्हणून एका गिऱ्हाइकाने एकच तारा देऊन कसा सूड उगवला, सगळे त्याला ठाऊक. मॅपल्स हे मॅपमायइंडियाचे अपत्य. ती कंपनी राकेश आणि रश्मी वर्मा या दांपत्याने १९९५ मध्ये काढली, म्हणजे गुगलला नकाशाचे डोहाळे लागण्याच्या कितीतरी आधी. मॅपल्स उड्डाणपुलाजवळ चौकाचे उठावदार चित्र दाखवते, पुढचा गतिरोधक सांगते आणि खड्डासुद्धा. आता खड्डा दाखवणे ही सोय की थट्टा, ते रस्त्यावर ठरते. काही रस्त्यांवर खड्डा नसलेली जागा तेवढी दाखवली तर बॅटरी वाचेल. तिसरा पंथ ओपनस्ट्रीटमॅपचा. २००४ पासून जगभरच्या हौशी लोकांनी फुकट काढलेला हा नकाशा. त्यावर बेतलेले ऑर्गॅनिक मॅप्स एकदा उतरवून घेतले की नेटवर्कशिवाय चालते, जाहिरात दाखवत नाही, आपण कुठे गेलो याची नोंद ठेवत नाही. इतके निरिच्छ असल्यामुळे घरात त्याला कुणी विचारत नाही.

हे सगळे ठीक होते. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी मॅपल्सची जाहीर तारीफ केली आणि नकाशा एकदम देशभक्तीचा विषय झाला. मामांनी त्याच संध्याकाळी विदेशी अ‍ॅपवर बहिष्कार पुकारला. चिन्ह दाबून धरले. फोन म्हणाला, हे काढता येणार नाही, फार तर बंद करता येईल. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली तेव्हा कापडाला असे उलट बोलता येत नव्हते, म्हणून ती चळवळ फोफावली.

स्वदेशीतही सगळे गुण्यागोविंदाने नांदते असे नाही. जुलै २०२४ मध्ये ओलाने गुगलचा नकाशा सोडून स्वतःचा आणला. वर्षाला शंभर कोटी वाचले, असे संस्थापकांनी सांगितले. त्यावर मॅपमायइंडियाने ओला इलेक्ट्रिकला नोटीस धाडली, की हा तर आमचाच माल. ओलाने आरोप झटकला. गुगलने त्याच महिन्यात आपले भारतातले दर सत्तर टक्क्यांपर्यंत उतरवले. भाऊबंदकीत शेजाऱ्याने दुकान स्वस्त करावे, अशी ही कथा मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

आता गाडी शहरात आणू या. मिनर्वा चौराह्यापर्यंत तिन्ही फोनांचे एकमत असते, कारण तिथवर रस्ता रुंद आहे आणि रस्ता रुंद असला की कुणीही सर्वज्ञ होतो. पुढे माणिक चौकाच्या दिशेने नकाशावर निळी रेघ जाते. ती गल्लीत शिरते. गल्लीत एक गाय बसलेली असते, तिच्यामागे एक हातगाडी, हातगाडीवर मटार, आणि त्यापलीकडे उलटा येणारा ई-रिक्षा.

रस्ता मोकळा आहे की तुंबलेला, हे अ‍ॅपला मुख्यतः कळते ते त्यावरून सरकणाऱ्या फोनांवरून. फोन भराभर सरकले की रस्ता मोकळा, रेंगाळले की लाल. २०२० मध्ये बर्लिनच्या सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने एका हातगाडीत ९९ फोन घालून ती रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेली, तर नकाशावर लांबच लांब कोंडी उमटली. झाशीत हा प्रयोग लग्नसराईत रोज होतो, फक्त त्याला कला म्हणत नाहीत. वरातीतल्या प्रत्येकाच्या खिशात फोन, सगळे नाचत पावलापावलाने पुढे. नकाशा लालबुंद होतो आणि तो चक्क बरोबर असतो. गाईच्या खिशात मात्र फोन नाही. मटारवाल्याचा फोन असतो, पण तो सकाळपासून एका जागी असल्यामुळे अ‍ॅप त्याला वाहतूक समजत नाही, घर समजते. सबब ज्या गल्लीत पाखरू शिरणार नाही ती गल्ली स्वच्छ, निळी, आमंत्रण देणारी.

गुगलने जुलै २०२४ मध्ये चारचाकीला अरुंद रस्ते टाळायला शिकवणारी सोय जाहीर केली. पहिल्या यादीत आठ शहरे होती. भोपाळ होते, झाशी नव्हती. ज्या शहराच्या गल्ल्यांनी इंग्रजांची फौज हातघाईवर आणली, त्याला अरुंद म्हणायला कंपनीला संकोच वाटला असावा.

कारण ही वस्ती आगंतुकाला सरळ आत येऊ देण्यासाठी बसलेलीच नाही. भोवती नेवाळकरांच्या वेळचा तट आणि त्याला दरवाजे: ओरछा, दतिया, सैंयर, उन्नाव, लक्ष्मी, भांडेर आणि आपला खंडेराव. बरेचसे दरवाजे ज्या गावाकडे तोंड करून उभे, त्याचेच नाव त्यांना. म्हणजे दिशादर्शक फलक दगडात बांधून ठेवलेले. राणी लक्ष्मीबाई ४ एप्रिलच्या रात्री निसटली ती भांडेरकडच्या वाटेने काल्पीला. तिला कुणी ‘सर्वांत जलद मार्ग’ दाखवला नव्हता.

त्याच वेळी वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीत अडकले होते. दक्षिणेच्या आशेने घर सोडलेला हा भिक्षुक अर्धा हिंदुस्थान पायी हिंडला आणि ‘माझा प्रवास’ लिहून गेला. त्याची यंत्रणा एकच, भेटेल त्याला विचारणे. महूजवळ भेटलेल्या शिपायांनी त्याला पुढे बंड उसळणार असल्याची खबर आगाऊ दिली. रस्त्यात पुढे बंड आहे, मार्ग बदला, असे सांगणारे अ‍ॅप अजून तिन्ही फोनांत नाही.

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबते तेव्हा पानाच्या ठेल्यावरचा माणूस मान वर न करता सांगतो, “यहीं लगा दो, बाबूजी. अंदर नहीं जाएगी. अंदर से पैदल पाँच मिनट.” मामा त्याला फोन दाखवतात. तो फोनकडे पाहतो, गाडीकडे पाहतो आणि पानाला चुना लावतो. तेवढ्यात मामांचा नकाशा जाहीर करतो, आपण पोहोचलात. भाच्याचा नकाशा पाठीमागच्या भिंतीतून जायला सांगतो. वहिनी खाली उतरून चालू लागलेल्या असतात.

महाल पाहून होतो. भिंतीवरची रंगकामे सगळ्यांना आवडतात आणि ‘मी म्हणालो होतो’ हे वाक्य तिन्ही बाजूंनी ऐकू येते. दुसऱ्या दिवशी ओरछ्याला जायचे. जवळच आहे, पण तिथे राज्य बदलते, म्हणून मामा रात्री लॉजवर चौथे अ‍ॅप उतरवून घेतात आणि भाचा पाचवे. वहिनी काउंटरवर जाऊन एका रिक्षावाल्याचा नंबर घेऊन येतात. सकाळी सातला येईल, म्हणाला, ओरछ्यातच सासुरवाडी आहे त्याची.

मामांनी विचारले, त्याला तारे किती आहेत?