आबाजींना पॉलिश

काटोलात आंबिया बहाराचे पैसे हातात आले की कोणी ट्रॅक्टर बदलतो, कोणी मुलीचं लग्न काढतो आणि एखादा आजोबांचा झोपाळा, म्हणजे आबाजींची बंगई, दुरुस्तीला काढतो. पहिल्या दोघांची नोंद बँकेत तरी होते. तिसऱ्याची कुठेच होत नाही, म्हणून हा खटाटोप.

हा गृहस्थ पन्नाशी ओलांडलेला असतो. त्याला आपण वारसदार म्हणू. त्यालाही ते आवडेल. बंगई त्याच्या गोठ्यात कित्येक वर्षं पडलेली असते. तिच्यावर ढेपेची पोती, फवारणीचा पंप आणि दुपारच्या वेळी एखादी कोंबडी. एवढ्या वर्षांत त्याला आबाजींची आठवण येत नाही. ती येते भंगारवाला कड्यांवरचा काळा थर नखाने खरवडून पितळेचा भाव सांगतो त्या दिवशी. भंगारवाल्याला तो हाकलून देतो, भाव मात्र लक्षात ठेवतो आणि संध्याकाळी पुण्याच्या धाकट्या भावाला फोन करतो: ‘आबाजींची बंगई मी जपतो आहे.’ धाकट्याला बंगई होती हेच आठवत नसतं. पण जपतो आहे म्हणजे नेमकं काय करतो आहे, हा संशय त्यालाही लगेच येतो.

मग मिस्त्री येतो. मिस्त्री शहाणा. फळीवर बोटाची गाठ वाजवून, कडेच्या भुग्यावर फुंकर मारून तो निकाल देतो, ‘पांढरं लाकूड उधईनं खाल्लं भाऊ, आतलं पक्कं हाये. कडा कापतो, वरून सनमायका मारून देतो. वीस वर्षं पाहाचं काम नाही.’ सनमायका म्हटल्याबरोबर वारसदाराच्या चेहऱ्यावर घरात कोणी गेल्यासारखा भाव येतो. त्याने रात्रभर मोबाइलवर परदेशातल्या लोकांची जुन्या खुर्च्या घासतानाची चित्रफीत पाहिलेली असते. ‘मिस्त्री, हे सीपी टीक आहे,’ तो सांगतो. ‘दिल्लीच्या नव्या संसद भवनाला नागपूरचं सागवान गेलं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांना आपल्या बल्लारपूरचं गेलं. देशाला आत्ता कळलं, आबाजींना तेव्हाच कळलं होतं.’ मिस्त्रीचा सगळा जन्म सागवान रंधण्यात गेलेला. तो तंबाखू मळतो आणि ऐकून घेतो, कारण मजुरी रोजावर ठरलेली असते.

खरी गंमत खरवडायला घेतल्यावर. सगळ्यात वर आकाशी ऑइलपेंट. तो बहिणीच्या लग्नातला. उरलेला डबा वाया जाऊ नये म्हणून त्या दिवशी दारं, खिडक्या, बंगई आणि सायकलचं कॅरियर असं सगळं घर आकाशी झालं होतं. त्याखाली हिरवा. त्याखाली चॉकलेटी. रंग एकेक थर खाली जातो आणि आबाजी एकेक पायरी वर चढतात. आकाशी रंगापर्यंत ते जिनिंगमध्ये दिवाणजी होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. हिरवा सुटला तसे ते जिनचे मॅनेजर झाले. चॉकलेटी निघता निघता मालगुजार. मध्य प्रांतातली मालगुजारी 1951 साली कायद्याने संपली, ही वारसदाराची मोठी सोय. ‘सगळं सरकारनं घेतलं हो,’ असं म्हटल्यावर सातबारा मागायची कोणाची हिंमत आहे?

नुसत्या हुद्द्यावर भागत नाही, बंगईवर कोणीतरी बसून गेलेलंही लागतं. 1920 च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्याला निघालेले एक थोर पुढारी (नाव रोज बदलतं) काटोल स्टेशनवर उतरले आणि आबाजींच्या बंगईवर घटकाभर टेकले, अशी हकिकत पॉलिश पेपरच्या ऐंशी नंबरावर सुरू होते आणि एकशेवीस नंबरापर्यंत गुळगुळीत होते. इटारसी-नागपूर लोहमार्ग त्यानंतर काही वर्षांनी झाला, हे शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींनी सांगून पाहिलं. ‘मग बैलगाडीनं आले असतील,’ वारसदार म्हणाला. आबाजी त्या साली पाळण्यात होते, हे गुरुजी पुढे बोललेच नाहीत. माझ्या मते बरं केलं.

फळीवर एक काळा डाग आहे. 22 मे 2012 रोजी काटोलवर उल्का पडल्या, ही गोष्ट अगदी खरी; तुकडे गोळा करायला शास्त्रज्ञ आले होते, आणि उल्काशास्त्राच्या यादीत आपल्या गावाचं नाव आहे. वारसदाराचं म्हणणं, त्यातलाच एक बारका तुकडा गोठ्याचं छप्पर फोडून बंगईवर पडला. डाग तिकोनी आहे. मिस्त्रीला तो कोळशाच्या इस्त्रीचा वाटतो. तरी डाग घासायचा नाही असा हुकूम झाला.

फळी उलटी केली तेव्हा मात्र खालच्या अंगाला कोरलेली दोन अक्षरं निघाली. घरातल्या कोणाच्याच नावाशी ती जुळेनात. वारसदाराने चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं आणि म्हणाला, ‘बनवणाऱ्याची असतील. त्या बाजूनं जरा गडद मारा.’

पॉलिश लाखेचंच हवं, हा हट्ट. आणि इथे मी त्याच्या बाजूचा आहे. पळस-कुसुमाच्या फांद्यांवर बारीक किडे जी राळ सोडतात ती लाख. आपल्या गोंदियाकडे तिचा जुना धंदा. ती वितळवून, गाळून तिचे पापुद्रे करतात, तो चपडा. चपडा स्पिरिटमध्ये भिजवायचा, पुन्हा गाळायचा, मऊ सुती कापडात कापसाचा बोळा बांधून फळीच्या रेषेरेषेने फिरवायचा. एक हात वाळला की दुसरा, मग तिसरा. हात इतका पातळ की पहिल्या दिवशी काही झालंय असं वाटतच नाही, आणि पाचव्या-सहाव्या हाताला सागाची सोनेरी रेघ आतून वर येते. ते पाहिल्यावर माणसाने आजोबांबद्दल थोडंफार खोटं बोललं तर माफ करावं.

पण लाखेला नखरे फार. हवा दमट असली की पांढुरकी पडते, म्हणून सगळा पावसाळा काम बंद. गरम कप ठेवला की गोल उमटतो. दारूचा थेंब सांडला तर पॉलिशच विरघळतं. त्यामुळे बंगई तयार झाल्यावर तिच्याजवळ चहा बंद, पाणी बंद आणि दोन मेहुणे बंद.

आता टांगायची कुठे? जुन्या घरात सागाचं नाट होतं, त्याला लोखंडी कडे. ते घर पाडून वारसदाराने स्वतःच स्लॅबचं बांधलं, आणि स्लॅब टाकताना हूक सोडायचं कोणाच्या मनातही आलं नाही. इंजिनिअरने वर पाहिलं, बंगईकडे पाहिलं, वारसदाराच्या पोटाकडे पाहिलं आणि नकार दिला. तेव्हापासून मालगुजारांची बंगई हॉलमध्ये संत्र्यांच्या चार प्लास्टिक कॅरेटवर आडवी आहे. वर चादर, चादरीवर प्लास्टिक. पाहुण्यांनी समोरच्या सोफ्यावर बसून ती पाहायची.

दिवाळीला नरखेडच्या आत्या आल्या. वय नव्वदीचं, कान कमी, आठवण पक्की. कोणी अडवायच्या आत त्या प्लास्टिकसकट बंगईवर बसल्या. ‘आत्या, आबाजींची बंगई,’ वारसदार त्यांच्या कानाशी ओरडला.

‘कोणाची?’ आत्या म्हणाल्या. ‘अरे, हे तं त्या कोष्ट्याच्या घरची. माह्या बापानं त्याले पैसे देल्ले होते, त्याच्यानं फिटले नाही तं हे उचलून आणली. पाह्य, खाली त्याच्या आज्याचं नाव हाये. आमचा बाप तं खाटेवर झोपे. याच्यावर मांजर बसे.’

हॉलमध्ये कोणी बोललं नाही. धाकटा भाऊ पुण्याहून आलेला, त्याने वाटणीचा विषय त्या दिवसापुरता खिशात ठेवला.

वारसदार मात्र खचला नाही. ही जात खचत नाही. दुसऱ्या दिवशी फराळाला आलेल्यांपुढे आबाजी सावकार झाले होते, तेही अडल्यानडल्याला हात देणारे, एका पैशाचं व्याज न घेणारे. हकिकत रंगात आली तेवढ्यात मिस्त्री मागची राहिलेली मजुरी मागायला दारात उभा.

‘संत्रा उतरू दे मिस्त्री, मग पाहू,’ वारसदार म्हणाला.

‘काही घाई नाही भाऊ,’ मिस्त्री म्हणाला आणि चपला काढून आत आला. ‘तवर बंगई नेतो मी माह्या घरी. आमच्या घरी नाट हाये.’