वाजलालंय बे!

अण्णा घरी येणार असले की आधी पंखा बंद करावा लागतो. नाही केला तर ते दारातच थबकतात, मान तिरकी करतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "वाजलालंय बे. बेरिंग गेलंय." मग स्टूल येतं, पंखा खाली उतरतो, चहा गार होतो आणि भर एप्रिलात, सोलापूरच्या उन्हात, आमचं कुटुंब ६२०२ नंबरचं बेरिंग मिळेपर्यंत वर्तमानपत्रानं वारा घेत बसतं.

अण्णांच्या खिशात पेन नसतं, पिवळ्या मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर असतो. टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि ऐकायचं. गिरणीत फिटर होते, तिथली ही सवय. गिरणी बंद पडली, सवय चालू राहिली. एसटी स्टँडवर उभ्या गाडीच्या चाकाला कान लावून बसले, तर कंडक्टरनं हटकलं. अण्णांनी त्यालाच स्क्रूड्रायव्हर देऊन ऐकायला बसवलं. गाडी उशिरा सुटली. आमच्या मिक्सरला तो लावला आणि खिन्न होऊन म्हणाले, "याला बेरिंगच नाही बे, नुसता बुश आहे." त्या दिवसापासून त्या मिक्सरची चटणी ते खात नाहीत.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला गड्ड्यावर नातवाला घेऊन गेले. आकाशपाळण्याच्या खांबाला स्क्रूड्रायव्हर, स्क्रूड्रायव्हरला कान. पाळणेवाला हात जोडून म्हणाला, "अण्णा, गिऱ्हाईक पळलालेत." नातू रडत परत आला. भाचीसाठी स्थळ बघायला गेले, तर परत येताना रिक्षात मत दिलं, "मुलगा चांगलाय. पण हसताना वाजतोय." छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांना म्हणाले, "नुसतं टेकवून काय ऐकता? जरा फिरवून ऐका."

आणि ऐकून झालं की इतिहास. "बेरिंग कुणी काढलं माहितीय का? आपल्यातल्याच माणसानं!" आपल्यातला म्हणजे गिरणीतला. स्वीडनमध्ये गोटेनबर्गच्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती सरकली की शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेरिंगं जायची. त्यानं १९०७ साली वाकड्या शाफ्टबरोबर स्वतःच जुळवून घेणारं बेरिंग काढलं आणि त्यातून एसकेएफ कंपनी उभी राहिली. "आपली जुनी मिल १८७७ ची," अण्णा हळहळतात, "आणि आपली काळी माती काय कमी सरकते? तीस वर्षं आधी आपल्याला सुचायला पाहिजे होतं."

मागं एकदा अमेरिकेतल्या पुतण्यानं त्यांना एक व्हिडिओ पाठवला. तिकडं लोक बोट ट्रेलरवर घालून तळ्यावर नेतात आणि ट्रेलर सरळ पाण्यात उतरवतात. झालं. जो भेटेल त्याला अण्णा समजावू लागले, "रस्त्यानं धावून हब तापलेलं असतं. गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून ते स्प्रिंगची टोपी बसवतात, आतलं ग्रीस दाबून धरायला." ऐकणारे आम्ही कोण, तर तेव्हा चार-चार दिवसांनी नळाला पाणी येणारे सोलापूरकर! बोट सोडा, बादली तरंगायची पंचाईत. मी तसं बोललो. अण्णा म्हणाले, "येईल बे कामाला."

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. माणसं, जनावरं, पिकं, सगळ्याचाच घोर. नदीकाठच्या आमच्या पाहुण्यांच्या उसाच्या ट्रॉल्या पाण्यात उभ्या होत्या, पण त्यांच्याकडं बघतो कोण? पाणी ओसरलं, ट्रॉल्या धुतल्या, टायरांत हवा भरली, कारखाने सुरू व्हायची वाट बघत लावून ठेवल्या. वरून झकास. अण्णा कुणी न बोलावता टमटमनं तिथं पोचले. जॅक लावून चाक उचललं, वरखाली धरून हलवलं, फिरवलं, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. मग हबची टोपी काढली. आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं झालं होतं. पाहुण्यांचा आवाजच बसला.

पुढं अण्णांनी जे केलं ते मी जवळून पाहिलं. बेरिंग डिझेलमध्ये धुतलं, पुसून कोरडं केलं. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहिले, रोलरांच्या फटींतून वरच्या बाजूनं ग्रीस डोकावेपर्यंत. मग थोडं फिरवून पुन्हा. ज्यांच्या रोलरांवर गंजाचे ठिपके होते ती बेरिंगं बाजूला. पाहुणे म्हणाले, "आतलं बदलू, बाहेरची वाटी राहू दे." अण्णा भडकले, "जोडी बदलायची. जुनी वाटी नव्या रोलरांना खाते." सील नवं, पिनसुद्धा नवी. नट कसताना चाक फिरवत राहिले, मग नट थोडा मागं घेतला. "घट्ट ठेवलं की तापतं, सैल सोडलं की डुलतं," हे पाहुण्यांच्या नवविवाहित मुलाकडं बघून. मजुरी विचारली तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागितली. चटणी खलबत्त्यातली आहे ना, हे मात्र विचारून घेतलं.

परतताना मी म्हटलं, "अण्णा, एवढी यातायात कशाला?" तर म्हणाले, "गिरणीत हजार चात्या फिरायच्या, त्यातली एक बिघडली तरी मला कळायचं. आता ऐकायला काय राहिलंय? पंखे."

मला त्यांचा राग येतो, तो तसाच आहे. पण हंगामात आमच्या रस्त्यांवर रात्री काय असतं ते बघा. चाक निखळून कललेली ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, भोवती चार दगड. सकाळी ट्रॉली जाते, दगड तिथंच राहतात. पुढची मोटारसायकल त्यांच्यावर येते. मग चौकशी, पंचनामा, पेपरात चार ओळी, चालकावर गुन्हा. आदल्या महिन्यात ते चाक कुणी हातानं हलवून बघितलं होतं का, हे कुणी विचारत नाही.

तेव्हा ट्रॉलीवाल्यांनो, उसाची पहिली खेप भरायच्या आधी प्रत्येक चाक जॅकवर उचला, हलवा, फिरवा आणि ऐका. ऐकू आलं नाही तर अण्णांना बोलवा. येण्याआधी घरातला पंखा तेवढा बंद करा.