मधले बारा मीटर

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली ‘आयर्नमॅन ७०.३’ ही ट्रायथलॉन स्पर्धा सुरू झाली आणि छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्यासारख्या, पोट सुटलेल्या सुखी गृहस्थांना वेड लागलं. १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल हाणायची आणि वर २१.१ किलोमीटर धावायचं. आमच्याकडे समुद्र नाही, पण सिद्धार्थ उद्यानाचा जलतरण तलाव आहे, दौलताबादचा घाट आहे. तेवढ्यावर भागतं. अडतं ते नियमांवर.

सायकलवर असताना पुढच्याच्या पुढल्या चाकापासून आपल्या पुढल्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर हवं. त्याच्या आत शिरलात की २५ सेकंदांत पुढे निघायचं. ‘सहज आलो होतो’ म्हणून मागे सरकायची सोय नाही. कारण सरळ आहे. वेग तिशीपार गेला की बहुतेक ताकद वारा कापण्यातच जाते. दुसऱ्याच्या पाठीला चिकटलं की वारा तो कापतो आणि आपण फुकटात जातो. याला ड्राफ्टिंग म्हणतात. २००० साली सिडनीत ट्रायथलॉन ऑलिम्पिकमध्ये आलं, तिथे मात्र ड्राफ्टिंगला मुभा होती आणि आजही आहे. निष्णातांनी केलं की डावपेच, आम्ही केलं की लबाडी.

१२ मीटर म्हणजे साधारण सहा-सात सायकली एकामागे एक. पण आमच्या गटात बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांचा ‘साधारण’वर विश्वास नाही. एका रविवारी त्यांनी पडेगावच्या पुढे रस्त्याकडेला टेप धरला आणि चुन्याने खुणा केल्या. दोन मिनिटांत गर्दी! शहरात रुंदीकरणाचे बुलडोझर फिरून गेलेले. टेप आणि चुना एकत्र दिसले की लोकांच्या पोटात गोळा येतो. एका पंक्चरवाल्याने काकांचा हातच धरला.

“सायेब, खरं सांगा, आमचं किती फूट जायलंय?”

“अहो, मधे जागा मोकळी सोडायचीय. चाळीस फूट.”

“चाळीस?” तो मटकन खाली बसला. “अख्खं दुकानच धा फुटाचं हाय!”

समजूत पटल्यावर त्याने विचारलं, “एवढी जागा सोडल्यावर तिथं रिक्षा नाही का घुसणार?”

घुसते ना. गोव्यातल्या स्पर्धेत रिक्षा नसते, दुसरा स्पर्धक घुसतो. सगळ्यात कडू नियम तेव्हाच लागू होतो. त्याचं पुढलं चाक तुमच्या पुढल्या चाकाच्या पुढे गेलं की मागे सरकायचं ते तुम्ही, मग तो पुढे जाऊन रेंगाळला तरी. जालना रोडवर स्कूटीने मागे टाकलं तरी ज्यांना घराण्याचा अपमान वाटतो, त्यांनी इथे निमूट पाय सैल सोडायचे! हेल्मेटचंही तसंच. पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. आमची रीत हेल्मेट हँडलला लटकवून निघायची आणि क्रांती चौकात पोलीस दिसला की डोक्यावर चढवायची. बाहेरच्या कुणाची मदतही चालत नाही. दौलताबादच्या पेरूवालीने मायेने तिखटमीठ लावून फोड पुढे केली, तर तीसुद्धा नियमभंगच.

पंच मोटारसायकलवरून फिरतात, पण हजारभर लोकांना किती पुरणार? घोळक्यात लपून जाणारे असतातच. मला त्यांचा राग येत नाही, नवल वाटतं. एवढी लबाडी करून माणूस सहाशेव्या नंबरावरून पाचशे ऐंशीव्यावर येतो. ना बक्षीस, ना बढती. घरचे विचारतात ते एवढंच, “मेडल सगळ्यांनाच देतात ना?”

पकडलं तर निळं कार्ड. पुढच्या दंडाच्या तंबूपाशी आपणहून थांबून पाच मिनिटं काढायची. न थांबता गेलात तर स्पर्धेतूनच बाद. तीन निळी कार्डं झाली तरी बाद.

हे सगळं घाट चढून आल्यावर, खुलताबादच्या चहावाल्यापाशी काकांना समजावून सांगितलं. काकांनी बशीतला चहा संपवला, हिशेब केला आणि म्हणाले, “म्हणजे दोन कार्डांपर्यंत दहा मिनिटं विश्रांती. हे कार्ड आधी अर्ज करून मिळतं का?”