खाडीपासून लाटांपर्यंत, सोंगं घेऊन

मे महिन्याचा तिसरा रविवार. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी सकाळी आठच्या आतच पोळ्या उडू लागतात. मेक्सिकन टॉर्टिया, पण लांबून दिसतात अगदी आपल्या पोळ्यांसारख्या. शर्यत सुटायची वाट बघणारे हजारो लोक त्या एकमेकांच्या डोक्यांवरून भिरकावत असतात. मुलाकडे राहायला आलेल्या मराठी आईबापांना "चला, शर्यत बघायला जाऊ" एवढंच सांगून इथे आणलं, की पहिला धक्का बसतो तो हा. "अहो, अन्न फेकतायत!" काकू कळवळतात. काका एक पोळी झेलतात, उलटीपालटी करून पाहतात आणि निर्वाळा देतात, "मैद्याची आहे." मग काकूंचीही फारशी हरकत उरत नाही.

या शर्यतीचं नाव बे टू ब्रेकर्स. शहराच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पॅसिफिकच्या फुटणाऱ्या लाटा आणि मध्ये १२ किलोमीटर. सर्वांत पुढे खरे धावपटू असतात. ते पस्तीस मिनिटांच्या आसपास समुद्र गाठून मोकळे होतात आणि त्यांच्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. गर्दी जमते ती मागून येणाऱ्यांसाठी. चकचकीत कपड्यांतल्या एल्व्हिस प्रेस्लींचा अख्खा जथा, वधूवेशातले दाढीवाले बाप्ये, घामाघूम झालेली केळी. यातल्या कित्येकांनी एखाद्या संस्थेच्या मदतीसाठी ओळखीपाळखीच्यांकडून देणग्या गोळा केलेल्या असतात. साध्या कपड्यांत पैसे मागणाऱ्याला "पुढच्या महिन्यात बघू" म्हणता येतं. समोर केळं उभं राहिलं, की खिशात हात घालण्यावाचून गत्यंतर नसतं.

काहींच्या सोंगाला तर कापडच लागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०१२ साली सार्वजनिक नग्नतेवर बंदी घालण्याचा ठराव केला, पण परवाना घेतलेल्या मिरवणुका आणि उत्सव त्यातून वगळले. म्हणजे छातीवर नंबर नसला तरी कायदा पाठीशी आहे. अशी एक तुकडी जवळ येताच काका चष्मा पुसायला काढतात. काकू म्हणतात, "राहू दे, घरी गेल्यावर पुसा."

या साऱ्या चावटपणाचं मूळ मात्र भूकंपात आहे. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी शहर हादरलं. मग लागलेल्या आगी तीन-चार दिवस धुमसत राहिल्या. सुमारे तीन हजार माणसं गेली आणि चार लाख वस्तीपैकी निम्म्याहून अधिक लोक बेघर झाले. पुढे पनामा कालव्याच्या निमित्ताने १९१५ साली भरणारं मोठं जागतिक प्रदर्शन शहराने मिळवलं. आता शहर स्वतःच्या पायांवर उभं असल्याचं जगाला दाखवणं भाग होतं. नगरधुरीणांनी हे म्हणणं फारच शब्दशः घेतलं आणि १ जानेवारी १९१२ रोजी लोकांना शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं. दोनशेच्या आत माणसं, सगळी गंभीर. पहिला आला तो ४४ मिनिटं १० सेकंदांत.

गांभीर्याला तडा गेला १९४० मध्ये. एक गृहस्थ समुद्री चाचा कॅप्टन किडचा वेश करून धावले आणि शेवटून पहिले आले. त्याच वर्षी बॉबी बर्क नावाच्या बाई पुरुषाच्या वेशात धावल्या, कारण बायकांना प्रवेशच नव्हता. एकाचं सोंग लोकांनी बघावं म्हणून होतं, दुसरीचं कोणी ओळखू नये म्हणून. बायकांना रीतसर धावायला मिळालं ते १९७१ मध्ये. त्या वर्षीच्या विजेत्या फ्रान्सिस कॉन्ली पेशाने मेंदूच्या शल्यविशारद होत्या. तेव्हा या शर्यतीत डोकं ठिकाणावर असलेले लोक नसतात, हा आरोप टिकत नाही.

१९७८ मध्ये डेव्हिस विद्यापीठाच्या धावपटूंनी एकमेकांना बांधून घेतलं आणि गोम तयार केली. तेरा माणसं, सव्वीस पाय. त्यातला एक अडखळला तर काय होत असेल, याची कल्पना एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना सहज येईल. गोमींची तेव्हापासून वेगळी स्पर्धा लागते. एवढ्यात समोरून माशांच्या पोशाखातली टोळी येते. सामन मासा प्रवाहाच्या उलट पोहत जातो, म्हणून ही मंडळी समुद्राकडून निघून गर्दी चिरत खाडीकडे धावतात. "राँग साइड," काका कौतुकाने म्हणतात, "पुण्याचे दिसतात."

हेज स्ट्रीटच्या चढावर मात्र सगळ्यांचं हसू थांबतं. चढ ११.१५ टक्के. इथे केळी सोलली जातात, वधू पदर खोचतात, पोप भिंतीला टेकतात. दोन्हीकडच्या गच्च्यांवरून रहिवासी जोरजोरात धीर देत असतात. मदत मात्र कोणी करत नाही.

चढ संपल्यावर बाजूला अलामो स्क्वेअर लागतो आणि पुढे गोल्डन गेट पार्क. आज जिथून एल्व्हिस पळतात, त्या बागेत १९०६ साली बेघरांचे तंबू होते. नंतर शहरातल्या बागांमधून मिळून पाच हजारांहून अधिक लाकडी खोपटी बांधली गेली आणि बाकांच्या हिरव्या रंगाने रंगवली गेली. महिना दोन डॉलर भरत राहायचं, ५० डॉलर फिटले की खोपटं तुमचं, फक्त ते बागेतून हलवायचं. लोकांनी खरोखरच घोडे जुंपले आणि घरं ओढत आपापल्या जागेवर नेली. या शहरात वेश करून माणसं धावण्याच्या कितीतरी आधी रस्त्यावरून घरं निघाली होती. त्यातली काही अजूनही उभी आहेत.

१९८६ साली १,१०,००० लोक या शर्यतीत उतरले आणि गिनीज बुकात नोंद झाली. गर्दी वाढली तशी तक्रारही वाढली. २००९ मध्ये आयोजकांनी दारू, चाकांचे देखावे आणि नग्नता या तिन्हींवर बंदी आणायचं ठरवलं, तेव्हा शहर चिडून उठलं. भूकंप सोसलेल्या गावाला शिस्त सोसवली नाही. कोविडने शर्यत थांबवली, तीही २०२२ च्या मे महिन्यात पुन्हा रस्त्यावर आली.

जायचं असेल तर मे महिन्यावर विसंबू नका, धुकं आणि वारा असतो, स्वेटर हवाच. नुसतं बघायचं असेल तर हेज स्ट्रीटच्या चढावर लवकर जागा धरा. आणि धावायचं असेल तर सोंग कोणतंही घ्या, पण त्याला एक खिसा शिवून घ्या. समुद्रापासून परत यायला ट्रामचं तिकीट लागतं.