देशाचा बारावा गुरू

माणसांची भविष्यं सांगणं मी सोडलं, कारण माणसं परत येतात. भाचीचं लग्न मार्गशीर्षात ठरेल असं बोलून गेलो होतो. तेव्हापासून तिचे वडील दर मार्गशीर्षात फोन करतात आणि "सहज केला" म्हणतात. देशाचं तसं नाही. देश फोन करत नाही. म्हणून मी मेदिनीय ज्योतिषाकडे वळलो.

यात माणसाऐवजी राष्ट्राची पत्रिका पाहतात. आपली १५ ऑगस्ट १९४७, मध्यरात्र, दिल्लीची. वृषभ लग्न, आणि तिसऱ्या घरात, कर्केत, रवी, चंद्र, बुध, शुक्र, शनी असे पाच जण तीन जणांच्या बाकावर चौथी सीट मागणाऱ्या लोकलच्या प्रवाशांसारखे. शिवाय सूर्य मकरेत शिरतो त्या क्षणाची राजधानीची कुंडली मांडतात. पहिलं घर जनतेचं, दुसरं तिजोरीचं, दहावं सरकारचं.

पण सूर्य मकरेत शिरतो कधी? आकाशातलं उत्तरायण २१-२२ डिसेंबरला, पंचांगातली संक्रांत १४-१५ जानेवारीला. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत नोंदवून ठेवलंय की उत्तरायण पूर्वी धनिष्ठेपासून सुरू होई, आता मकरेपासून होतं. म्हणजे गृहस्थाने मान वर करून पाहिलं होतं. त्यानंतर आकाशातलं उत्तरायण आणि पंचांगातली संक्रांत यांच्यातलं अंतर सरकत सरकत चोवीस अंशांवर गेलं. मी डिसेंबर निवडला, त्यामागे शास्त्र नव्हतं. जानेवारीत लोकांची तोंडं तिळगुळाने भरलेली असतात, माझं कोण ऐकणार?

२१ डिसेंबर २०२५, रात्री ८ वाजून ३३ मिनिटं, दिल्ली. संगणकाने सायन, म्हणजे डिसेंबरवाल्या, पद्धतीने सिंह लग्न दिलं, निरयन, म्हणजे पंचांगातल्या, पद्धतीने कर्क. तोच क्षण, तीच दिल्ली. एका खिडकीत देश डरकाळी फोडतोय, दुसऱ्या खिडकीत तिरका चालतोय. गुरू सायनात उच्चीचा, निरयनात शत्रूच्या राशीला. मी घाम पुसला. मग दिसलं की दोन्हीकडे तो बाराव्या घरातच आहे, आणि रवी, चंद्र, मंगळ दोन्हीकडे सहाव्यात. सहावं घर रोग, ऋण, शत्रू यांचं, बारावं खर्चाचं. 'देशात खर्च वाढेल, कर्जाचा विषय निघेल, शत्रू कुरापत काढतील.' इतकं भक्कम भाकीत मी आयुष्यात केलं नव्हतं.

बायकोने आठवण करून दिली. २००८ साली जयंत नारळीकरांनी पुण्यात दोनशे पत्रिका जमवल्या होत्या, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. कुठली कोणाची ते ओळखायचं होतं. सत्तावीस ज्योतिषांचं सरासरी यश ४६ टक्के. "नाणं उडवलं असतं तरी पन्नास मिळाले असते," ती म्हणाली. मी शांतपणे सांगितलं की त्या माणसांच्या पत्रिका होत्या.

सोसायटीच्या सभेत मी ते भाकीत वाचून दाखवलं. वेधशाळेतून निवृत्त झालेले एक सभासद म्हणाले, "आम्ही उपग्रह घेऊन पाच दिवसांचं सांगताना चाचरायचो." एका आजींनी विचारलं, यंदा संक्रांत कशावर बसून आलीय, कुठल्या रंगाचं नेसायचं नाही? ते मी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे माझ्या अभ्यासाबद्दल त्यांचं मत तिथेच ठरलं. दाद दिली ती फक्त खजिनदारांनी. त्यांनी मला 'दोन्ही पद्धतींनी खर्चच ना?' असं दोनदा विचारून घेतलं.

इतिवृत्त आलं तेव्हा कळलं. 'ग्रहमानानुसार खर्चात वाढ संभवत असल्याने देखभाल शुल्क वाढवण्याचा ठराव मंजूर. सूचक:' आणि पुढे माझं नाव. आता जिन्यात कोणी माझ्याशी बोलत नाही. खजिनदार मात्र बोलतात. जूनमधल्या दक्षिणायनाची कुंडली त्यांना आत्ताच मांडून हवी आहे, लिफ्टचं काम तेव्हा निघायचंय.