अण्णांची पूररेषा

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून दक्षिणेस निघालेला रस्ता गोळपच्या सड्यावरून पावसकडे उतरू लागला की मनुष्यस्वभावातील संशयवृत्ती हळूहळू मावळत जाते, आणि पावसच्या बाजारात पाऊल पडेपर्यंत तर ज्याला एखाद्या विषयावर मत नाही असा गृहस्थ सापडणे दुर्घट होऊन बसते. त्यातही जो पुरुष महसूल खात्यात अव्वल कारकुनीपर्यंत चढून सेवानिवृत्त झाला आहे, ज्याच्या नावे सातबाऱ्यावर थोडी हापूसची कलमे आणि जांभ्या दगडाचे वडिलोपार्जित घर आहे, व ज्याची मुले पुण्या-मुंबईस पोटामागे गेली आहेत, त्याच्या ठायी मत हा प्रासंगिक विकार न राहता ती कायमची नेमणूकच होते. अशा गृहस्थास गावात अण्णा, नाना, आप्पा किंवा भाऊ म्हणतात. आपण सोयीसाठी अण्णा म्हणू. हे चित्र अमुकच एका अण्णांचे आहे अशा समजुतीने कोणी शेजारच्या ओटीकडे पाहू नये, कारण असे अण्णा पंचक्रोशीत वाडीगणिक आहेत.

अण्णांच्या मताला सरकारी कागदाप्रमाणे विषय असतो, संदर्भ असतो आणि अखेरीस निर्णय असतो. मात्र निर्णयावर अपील चालत नाही. विरुद्ध बाजूचे म्हणणे ते पूर्ण ऐकून घेतात, कारण चौकशीवाचून निकाल देणे बेकायदा होय; परंतु चौकशीपूर्वी निकाल लिहून ठेवण्यास कोठे मनाई आहे, असे त्यांच्या वाचनात आलेले नाही.

प्रवासाविषयी त्यांचा मूळ सिद्धान्त असा की तो करू नये. या सिद्धान्ताला जो आधार ते देतात तो गावातलाच असल्यामुळे खोडून काढण्याची कोणाची छाती होत नाही. स्वामी स्वरूपानंद १९०३ साली पावसलाच जन्मले, तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीपायी येरवड्याच्या तुरुंगापर्यंत जाऊन आले, आणि पुढे १९७४ साली समाधिस्थ होईपर्यंत सुमारे चाळीस वर्षे येथल्या देसायांच्या घरात राहिले. ज्ञानेश्वरीला अभंगरूप देणे त्यांना एका ठिकाणी बसून साधले, व जग त्यांच्या दर्शनास आले. हा दाखला अण्णा इतक्या गांभीर्याने देतात की ऐकणाऱ्याला खिशातल्या तिकिटाची क्षणभर लाज वाटावी. "स्वामींची गोष्ट वेगळी हो," काकू माजघरातून म्हणतात, "त्यांच्याकडे जग आपणहून यायचं. तुम्हांला भेटायचं तर पोरांनाच तिकीट काढावं लागतं." हा मुद्दा बिनतोड असल्यामुळे अण्णा तो दप्तरी दाखल करतात, म्हणजे ऐकू आला नाही असे दाखवितात.

तथापि ज्याअर्थी प्रवास अजिबात टळत नाही, त्याअर्थी तो कसा करावा याविषयी त्यांचे स्वतंत्र परिपत्रक आहे. त्यांच्या बालपणी मुंबईस जावयाचे ते आगबोटीने. बोट किनाऱ्यापासून दूर खोल पाण्यात उभी राही, पडावातून हेलकावे खात तिच्यापर्यंत पोहोचावे लागे, आणि वर चढल्यावर पोटातील अन्न समुद्रार्पण करून मनुष्य निर्मळ अंतःकरणाने मुंबईच्या धक्क्यावर उतरे. परंतु त्या व्यवस्थेत एक मोठा गुण होता. पावसाळा लागला की बोट बंद होई ती समुद्र शांत झाल्यावाचून सुरू होत नसे. त्यामुळे मुंबईचा मुलगा निघालेलाच नाही याची प्रत्यक्ष सरकारकडून हमी मिळे, व बाप गावी निर्धास्त झोपे. कोकण रेल्वेने १९९८ साली ही हमी काढून घेतली, असे अण्णांचे गाऱ्हाणे आहे. पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल आणि करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा या दोन्ही वस्तू रत्नागिरीच्याच परिसरात असल्याचा त्यांना सार्थ अभिमान आहे. फक्त पहिल्यावरून व दुसऱ्यातून आपली मुले जावीत हे त्यांना मंजूर नाही. रेल्वे दर पावसाळ्यात निराळे वेळापत्रक काढून गाड्या सावकाश हाकते, त्यात त्यांना धडधडीत कबुलीजबाब दिसतो, आणि म्हणून ते वेळापत्रक पंचांगात घालून ते पुराव्यादाखल जपून ठेवतात. त्यांचा खरा विश्वास एस.टी.वर. तिच्या चालकाला उतारावर "जरा बेताने घ्या हो" असे मागून सांगता येते. इंजिनापर्यंत कोणाचा आवाज पोहोचतो? मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणावर मात्र ते काही बोलत नाहीत, कारण अपुऱ्या प्रकरणावर शेरा मारणे त्यांच्या नोकरीच्या शिस्तीत बसत नाही.

अण्णांच्या विद्वत्तेचा खरा विलास पाहावयाचा तो आषाढात. नक्षत्राचे वाहन बेडूक, म्हैस की हत्ती हे ते पंचांगात पाहतात, हवामान खात्याचा इशारा पिवळा, नारिंगी की तांबडा हे मुलीने व्हॉट्सॲपवर पाठविलेल्या नकाशात पाहतात, आणि दोहोंवर अविश्वास दाखवून तिथी काढून बसतात. शुद्ध किंवा वद्य पक्षातील तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. डोंगरातून उतरणारे पाणी आणि समुद्रातून चढणारे पाणी एकाच वेळी खाडीत भेटले म्हणजे नदीला पुढे सरकावयास वाट राहत नाही व ती मुकाट्याने बाजारात शिरते. सबब पूर किती येणार हे आकाशात न पाहता चंद्राकडे पाहून ठरवावे, असा त्यांचा दंडक. चिपळूण बुडाले तो दिवस २२ जुलै २०२१, आषाढ शुद्ध त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. सकाळी पावणेदहाला भरती, पौर्णिमेचे उधाण जवळ आलेले, आणि वर सह्याद्रीत आभाळ फाटलेले. वाशिष्ठीतील गाळ आणि कोयनेच्या वीजगृहांतून खाली येणारे पाणी यांना ते सहआरोपी मानतात. मुख्य आरोपी चंद्र. इतर बाबतींत मी अण्णांची यथेच्छ थट्टा करतो, परंतु येथे माझी जीभ रेटत नाही, कारण हा हिशेब ढोबळ असला तरी खाडीकाठच्या मनुष्याला तो रंगीत नकाशाइतकाच उपयोगी पडतो, आणि त्याला वीज लागत नाही.

पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते: पंचवीस वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची तांबडी. अण्णांच्या घरी तिसरी आहे. ती त्यांच्या वडिलांनी जोत्याच्या वरच्या पायरीवर छिन्नीने कोरलेली असून, तिच्या वर पाणी चढणे घराण्याच्या परंपरेत बसत नाही, एवढाच तिचा आधार. गौतमी फुगून पाणी आगरात आले, गडग्याच्या वर आले, खालच्या पायरीला लागले, तरी अण्णा ओटीवर मांडी घालून चहा पीत असतात. "आलंय थोडं पाणी. भरती आहे. उतरेल."

आता हेच अण्णा पुण्याच्या बाबतीत पाहा. रत्नागिरीकडे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. पुणे शहराच्या वाट्यास त्याचा जेमतेम चतुर्थांश येतो. परंतु धाकटा मुलगा सिंहगड रस्त्याला राहतो, आणि २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेले पाणी मुठेकाठच्या एकतानगरीतल्या वसाहतींत शिरले, तेव्हापासून त्या धरणाचा विसर्ग अण्णांना तोंडपाठ असतो.

"किती क्युसेक सोडलंय रे?"

"अण्णा, मी चौथ्या मजल्यावर आहे."

"पानशेत फुटलं तेव्हाही लोक बेसावधच होते. बारा जुलै एकसष्ट."

"तेव्हा ही इमारत तरी होती का?"

"नव्हती ना? म्हणूनच ती अजून पुरात टिकलेली नाही. कागदपत्रं वरच्या फळीवर ठेव."

या संभाषणाच्या ऐन भरात काकूंनी मागल्या दारातून ओरडून सांगावे, "अहो, गोठ्यात पाणी शिरलं!" आणि अण्णांनी फोनवर हात धरून उत्तर द्यावे, "थांब गो जरा, पुण्यास पाणी वाढतंय." अण्णांच्या मोजणीत पुराचा धोका पाण्याच्या उंचीवरून ठरत नाही, मुलाच्या अंतरावरून ठरतो, आणि या सूत्राने पाहिले म्हणजे त्यांची बरीचशी मते, जी वरवर विसंगत भासतात, ती हिशेबास बरोबर जुळतात.

संगीतात त्यांचा न्याय हद्दीवर चालतो. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांचे 'संन्यस्त खड्ग' दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने १९३१ साली रंगभूमीवर आणले. एतदर्थ दीनानाथांचे सर्व गाणे जिल्ह्याच्या मिळकतीत जमा. दीनानाथ मूळचे गोव्यातील मंगेशीचे, ही अडचण कोणी काढलीच तर "गोवा म्हणजे लांब का?" एवढ्यावर फेरफार मंजूर होतो. बालगंधर्वांविषयी त्यांना नितांत आदर आहे, परंतु हद्दीबाहेरच्या अधिकाऱ्याविषयी असावा तसा. नमन आणि जाखडी यांवर ते मत देत नाहीत. तारुण्यात त्यांनी स्वतः मृदंग वाजविलेला असून साक्षीदार अद्याप हयात आहेत.

गाण्याची त्यांची कसोटी एकच: आषाढात पडवीच्या पत्र्यावर पाऊस ताशा बडवीत असताना जे ऐकू येते ते गाणे. या कसोटीवर भावगीते एकजात नापास होतात. नातू सुट्टीत येऊन कानांत गुंड्या घालून डोलत बसला की अण्णा त्याच्याकडे संशयाने पाहतात; शेजारच्याला जे ऐकू येत नाही ते गाणे नसून गोपनीय पत्रव्यवहार होय, असे त्यांचे ठाम मत आहे. ते स्वतः पेटी वाजवितात. दमट हवेने त्या पेटीची एक पट्टी फुगली असून एकदा दाबली की भाद्रपद संपेपर्यंत वर येत नाही. तिच्यातून निघणाऱ्या अखंड ध्वनीस अण्णा षड्जाचा आधार समजून पदे म्हणतात, आणि तो षड्ज नाही हे त्यांना सांगण्याइतका मुरलेला गवई त्या ओटीवर अद्याप यावयाचा आहे.

कुटुंबाविषयी त्यांचे मत थोडक्यात असे की, ते एका छपराखाली असावे, आणि नसेल तर रात्री नऊपूर्वी त्याने फोन करावा. सुना-जावई, शिक्षण, लग्ने यांवर त्यांचे म्हणणे आपल्या कोणाच्याही वडिलांसारखेच असल्यामुळे त्याचा विस्तार करीत नाही. आंब्याच्या पेट्यांची वाटणी मात्र पाहण्यासारखी: पुणे, ठाणे, डोंबिवली अशी नावे घालून पेट्या ओटीवर मांडल्या जातात, प्रत्येकीत समान फळ, समान पेंढा, आणि ज्या मुलाने या वर्षी फोन कमी केले त्याच्या पेटीत तळाशी दोन फळे जास्त, म्हणजे त्याला पोच देण्यास कारण मिळते.

परंतु भाद्रपद जवळ आला की या मतांच्या दप्तराला एकाएकी वाळवी लागते. गाड्यांचे आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठाला खुले होते, आणि त्या दिवशी पहाटे पाचला पुण्या-मुंबईकडील तिन्ही फोन अण्णाच वाजवितात. करबुड्याचा बोगदा आता सुरक्षित असतो, पानवलचा पूल भक्कम असतो, पावसाळी वेळापत्रकातील मंद गती ही रेल्वेची दूरदृष्टी ठरते, आणि भरती-ओहोटीचे गणित चतुर्थीपुरते तहकूब होते. "पाऊस काय, तो पडणारच," असे ते म्हणतात. "गणपती आणायला माणसं नकोत?" विघ्नहर्त्याच्या नावे काढलेल्या या हुकुमास संदर्भ जोडण्याची त्यांना गरज भासत नाही, आणि काकूही त्या दिवशी माजघरातून काही बोलत नाहीत.

वाचकांपैकी कोणाचे पावसला जाणे झाले तर स्वामींच्या समाधीचे दर्शन घ्यावे, प्रसादाची खिचडी खावी, आणि एखाद्या ओटीवरून "कुठले? कशाने आलात?" असा प्रश्न आला तर खुशाल थांबावे; चहा मिळेल, फणस असेल तर गरे मिळतील. परतीची गाडी कोणती हे मात्र सांगू नये. पंचांग, वेळापत्रक आणि भरती असे क्रमाने तपासून होईपर्यंत ती रत्नागिरीहून सुटलेली असते.